मांगते अजून

तळहात आधी पुढे यायचा, माणूस मागून.

समोर काहीही असो. चहाच्या टपरीवरची भट्टी, तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ, नाहीतर दारात उभी राहून मला झाडणारी माझी सासू. आमचे शेजारचे काकाजी उजवा हात कोपरातून वर करायचे, तळवा त्या दिशेला धरायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे, "मांगते अजून."

म्हणजे भट्टीला अजून कोळसा हवा. पोराचा ताप अजून चढणार. आणि सासूबाईंचं अजून संपलेलं नाही. काकाजींचा अंदाज सहसा चुकत नसे, सासूबाईंच्या बाबतीत तर कधीच नाही.

असा एखादा तळहातवाला तुमच्याही ओळखीत असेल. आठवून बघा. अशा माणसांना आपण हसतो, त्यांची नक्कल करतो, आणि ती गेल्यावर बघतो तर काय, आपलाच हात तसा वर झालेला असतो. परवा नातसुनेच्या काचेच्या विजेच्या शेगडीसमोर मी तळवा धरून उभी होते. ती म्हणाली, "आजी, आकडा दिसतो ना तिथं." दिसतो ग बाई. आकडा दिसतो.

काकाजी पूर्वी मूल गावाकडच्या एका धानाच्या गिरणीत बॉयलरवर होते. उकडा तांदूळ करायचा तर वाफ लागते, वाफेला आग लागते, आणि आगीला काकाजी लागत. आयुष्यभर त्यांनी बेलच्याने, म्हणजे मोठ्या फावड्याने, कोळसा आणि धानाचा कोंडा त्या बॉयलरच्या तोंडात टाकला. वाफ जरा नरमली की मालकाची आरोळी यायची. पाळी संपली की दुसरा माणूस यायचा, बेलचा त्याच्या हाती जायचा, आग तीच चालू. आग वाढवायची कशी हे त्यांना जितकं माहीत होतं तितकं आमच्या घरांच्या अख्ख्या ओळीत कुणाला नव्हतं. पण आग कमीसुद्धा करायची असते, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. डाव्या डोळ्यावरची भुवई बॉयलरने कधीच नेली होती, ती परत उगवली नाही. त्यामुळे ते नेहमी अर्धे आश्चर्यचकित दिसायचे.

आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायला आली कोण, तर मी.

आता माझं वर्णन ऐका. कुरखेड्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन चंद्रपूरच्या कडेच्या या वस्तीत नुकतीच आलेली, नवऱ्याच्या बस डेपोतल्या नोकरीचा फार गर्व असलेली, आणि जंगलातली मुलगी म्हणून विस्तव आपल्याला जन्मतःच कळतो अशी खात्री असलेली एक बावळट पोरगी. आमच्याकडे लाकडाची चूल. आच जास्त झाली की लाकूड बाहेर ओढायचं, कमी झाली की आत सारायचं. संपलं शास्त्र. एवढ्या शिक्षणावर मी कोळशाच्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात शेजारणींना सल्ले देऊ लागले.

तेव्हा आमच्या ओळीत गॅस कुणाकडेच नव्हता. सायकलीच्या दांड्यावर पोती लादून कोळसेवाले यायचे. सकाळी प्रत्येक दारापुढे एक सिगडी धुमसत असायची. धूर पुरता निघून जाऊन निखारे लाल झाले की ती उचलून आत न्यायची, अशी रीत. आमच्या घरी रॉकेलचा स्टोव्हही होता, म्हणून कोळशाशी माझी गाठ कधीमधीच पडायची. हे मी शेजारणींना सांगितलं नव्हतं.

काकूंची जुनी मातीची सिगडी त्या पावसाळ्यात फुटली. काकू म्हणजे काकाजींची बायको. वाळलेल्या शेंगेसारखी बारीक बाई, जीभ मात्र ओली आणि तिखट. त्या म्हणाल्या, "बाजारातून आणू." काकाजी दुखावले. "मी असताना बाजारातून?"

लोखंडाची जुनी बादली घेतली, खाली तोंड कापलं, आत गज बसवले, माती लिंपली. सगळं केलं ते बॉयलरच्या मापाने. तोंड एवढं मोठं की मांजर आत बसेल. गजांमधलं अंतर असं की वारा विचारायलाही थांबणार नाही. माती पातळ. सगळी ओळ बघायला जमली. काकाजींनी ती पेटवली, तळवा धरला, "मांगते अजून" म्हणाले आणि वर आणखी एक घमेलं ओतलं.

पहिला चहा ठेवला तो जर्मनच्या गंजात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात. बोलण्याच्या नादात सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं आणि बघतात तर गंजात चहाही नाही आणि गंजाला बूडही नाही. भोकातून खालचा लाल डोळा वर बघत होता.

"जोरदार हाय," काकाजी म्हणाले.

"यावर प्रेत जळन," काकू म्हणाल्या, "चाय नाई होणार."

आम्ही सगळ्या हसलो. मी सगळ्यात जास्त.

दिवाळीनंतर काकूंना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि अन्नाचा वास जरी आला तरी उमळून येई. डॉक्टरांनी सांगितलं, तेल नाही, तिखट नाही, पातळ पेज द्या, थोडी थोडी, पण पोटात गेली पाहिजे. पेज म्हणजे तांदळाच्या कण्यांची, मंद आचेवर इतका वेळ ठेवलेली की दाणा कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळू नये. मंद आच. नेमकं तेच या घरात कुणाला येत नव्हतं.

काकाजींनी पेज टाकली. खालून लागली. दुसरी टाकली, लागली. तिसरी गंजाबाहेर उड्या मारून निखाऱ्यांवर गेली, आणि त्या करपलेल्या वासानेच काकूंनी पोटात होतं नव्हतं ते काढून टाकलं.

मी आमच्या स्टोव्हवर करून वाटीभर नेली. काकूंनी वाटी नाकाजवळ घेतली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "रॉकेल," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही हो काकू, वास नाही येत." त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी ओकारी काढली. यापेक्षा स्पष्ट उत्तर मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही.

त्यांची एकच मुलगी, वंदना, वर्ध्याला दिलेली. डेपोतल्या फोनवर तिचा निरोप आला आणि आमच्या ह्यांनी तो घरी आणला. रविवारी दुपारच्या गाडीने येते. आई खात नसेल तर तिला घेऊनच जाते. माझ्याकडे गॅस आहे, बारीक करता येतो.

यात वाईट काय होतं सांगा? काहीच नव्हतं. शहाणी मुलगी होती. पण काकूंनी निरोप ऐकला आणि खाटेवरचं पांघरूण तोंडावर ओढलं. पांघरुणातून आवाज आला, "माही माय अशीच गेली होती भावाकडं. पेटी घेऊन गेली. पेटी तेवढी परत आली."

काकाजी खाटेच्या पायथ्याशी उभे होते. म्हणाले, "तू कुठी नाई जात. मी खाऊ घालीन तुले. मले येते ना आग."



त्या दिवसापासून रविवारपर्यंत त्या खोलीत जे चाललं, ते आठवलं की मला अजूनही हसू येतं. एक माणूस ज्याला आग कमी करता येत नाही, आणि एक पोरगी जिला येते असं वाटतं. दोघांच्या मध्ये ती बादली.

मी म्हटलं, "काकाजी, आच जास्त झाली ना? मग काढून घ्या."

"काय?"

"कोळसा. आमच्याकडं लाकूड ओढते ना बाहेर, तसा."

त्यांनी माझ्याकडे इतक्या आदराने बघितलं की आज मला त्यांच्या वतीने लाज वाटते. मी चिमटा घेतला आणि मधला लालभडक खडा उचलला. तो निघाला तसे बाजूचे ढासळले, मध्ये भोक पडलं, खालचा वारा त्या भोकातून सुसाट वर आला आणि ज्वाळा माझ्या हनुवटीपर्यंत उठली. आता चिमट्यात एक जळता खडा आणि ठेवायचा कुठे हे ठरलेलंच नाही! मी तो घेऊन खोलीत गोल फिरले, "बाई ग, बाई ग" करत, आणि शेवटी दारातल्या गोणपाटावर टाकला. गोणपाट पेटलं. काकाजींनी ते पायाने विझवलं. अनवाणी पायाने.

खाटेवरून काकूंनी विचारलं, "कोणती नाटक मंडळी आली हाय बाप्पा?"

दुसऱ्या दिवशी मी अधिक हुशार होऊन गेले. गडवाभर पाणी घेतलं आणि निखाऱ्यांवर हबका मारला. असा आवाज झाला की समोरच्या घरातलं कुत्रं पळालं. राखेचा लोट छपरापर्यंत गेला आणि खाली येताना पेजेत, माझ्या केसांत आणि काकाजींच्या एकुलत्या एक भुवईवर बसला. वर आणखी, आतलं मातीचं लिंपण पापुद्र्यासारखं गळून पडलं. आता पत्रा उघडा. बादली बाहेरूनही लाल दिसायला लागली.

आम्ही काकूंना विचारलं, तुम्ही इतकी वर्षं कशी मंद ठेवत होता?

त्या म्हणाल्या, "हातानं होते ते. सांगता नाई येत." दम घेतला. "आन सांगून तुमच्यातलं आयकते कोण?"

त्यांचा हात पांघरुणाबाहेर होता. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत गेली होती.

मग मी सरळ चोरी केली. काकाजी पाणी भरायला गेले तेव्हा त्यांचा कोळशाचा डबा उचलून आमच्या घरी आणला, झाकण लावलं आणि वर बसले. हेच खरं दुखणं होतं, हे मला तोवर दिसलं होतं. आग जरा बसू लागली, पेज जरा रमू लागली, की काकाजींचा तळवा वर जायचा आणि पाठोपाठ दोन खडे पडायचे. ते मुद्दाम करत नव्हते. तुमचा-माझा हात खाज आली की जातो तसा त्यांचा हात जायचा.

थोड्या वेळात ते दारात आले.

"सूनबाई, मूठभर दे."

"नाही."

"एक खडा दे."

"एकही नाही. बसा इथं."

"तशी नाई पुरत ते. भूक हाय तिले."

"कोणाला? सिगडीला का काकूंना?"

मी गमतीने म्हटलं होतं. मला गंमत करायची खोड होती, अजून आहे. पण काकाजी आमच्या पायरीवर एकदम खाली बसले. तळवा मांडीवर उलटा पडला. त्यावर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते, ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

"आग मांगते ते मले समजते," ते म्हणाले. "साऱ्या जिंदगीत तेवढंच समजलं. पण बुढी काई मांगूनच नाई राह्यली ना बाई. काल पाणीबी नाई मांगलं तिनं. मंग मी काय टाकू? कुठी टाकू?"

मी डब्यावरून उठले. उठून काय करायचं ते कळेना, म्हणून परत बसले.

रविवार उजाडला. वारा गार सुटला होता. काकाजींनी आदल्या दुपारी सिगडीला नवी माती लिंपून उन्हात वाळवली होती. चेहरा आठवड्यात म्हातारा झाला होता. वंदना दुपारी येणार. खाटेखालची पेटी कुणी बाहेर काढलेली नव्हती, पण त्या खोलीत सगळ्यांना ती दिसत होती.

त्या सकाळी माझ्या डोक्यात पहिल्यांदाच काहीतरी खरं शिरलं. वाऱ्याचा झोत दारातून येत होता आणि सिगडीचं ते मांजराएवढं तोंड नेमकं दाराकडे होतं. वारा आत शिरला की निखारे तापून पांढरे व्हायचे, फिरला की लाल. म्हणजे आग कोळसा खात नव्हती नुसती, वारा पीत होती! मी अंगणातून वीट आणली आणि तोंडाला लावली. एका बोटाची फट ठेवली.

आग रुसली. खरंच सांगते, रुसल्यासारखी खाली बसली. काकाजींनी गंज चढवला. आणि थोड्या वेळाने पेज बोलू लागली. उड्या नाही, शिव्या नाही. एक बुडबुडा यायचा, विचार करायचा, मग फुटायचा.

काकाजींचा हात वर निघाला.

"हातावर बसा," मी म्हटलं.

आणि त्यांनी खरंच दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. काकूंना वारा बाधू नये म्हणून गंज चढवतानाच त्यांनी दार-खिडकी लावली होती, दाराच्या खालच्या फटीत गोणपाट कोंबलं होतं. खोली उबदार झाली. मी भिंतीला टेकले. आम्ही दोघं त्या गंजाकडे देवाकडे बघावं तसे बघत होतो. माझं डोकं जड झालं. वाटलं, जागरणाचं आहे. आनंदाने माणूस पेंगतो असंही वाटलं. मूर्खपणाला मर्यादा नव्हती.

"बुढी बोलून नाई राह्यली," काकाजी म्हणाले.

"झोपल्या असतील."

"झोपेतबी बोलते ते."

ते उठले. उठताना तोल गेला, भिंत धरली. खाटेपाशी गेले आणि मांडीखालून काढलेला तळवा त्यांनी काकूंच्या नाकासमोर धरला. मी निकालाची वाट बघत होते. निकाल आला नाही.  मग ते असे ओरडले की तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

"दार! सूनबाई, दार खोल!"

कडी मला सापडेना. बोटं माझी नव्हतीच. सापडली तेव्हा दार गोणपाटात अडकलं. मी खांद्याने ढकललं आणि अंगणात तोंडावर पडले. मागून काकाजी आले, काकूंना लहान पोरासारखं उचलून. गोणपाट विझवताना भाजलेल्या पायाने, लंगडत.

जरा थांबते आणि तुम्हाला सांगते. कोंडलेल्या खोलीत निखारा ठेवू नका. थंडी असली तरी नाही, आजारी माणूस असलं तरी नाही. सिगडीचा वारा तोंडाशी अडवला आणि दारही लावलं की ती धूर न करता, वास न देता माणसाला घेऊन जाते. रीत म्हणून सिगडी बाहेर धुमसू देतात असं मला वाटायचं. रीत कशासाठी होती ते त्या सकाळी कळलं.

बोरीच्या झाडाखाली काकाजींनी काकूंना मांडीवर घेतलं होतं आणि गालावर थापट्या मारत होते. "बुढे. ओ बुढे. काई तं माग. माग ना ओ. पाणी माग. काईबी माग."

काकूंची मान त्यांच्या दंडावर पडली होती. सगळी ओळ गोळा झाली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा आणला, कुणी देवाचं नाव घेतलं. मी काहीच आणलं नाही. मी मातीत बसून होते आणि मला एवढंच कळत होतं की वीट मी लावली होती.

मग काकूंचे ओठ हलले. एक ओकारी आली, नुसतं पिवळं पाणी. डोळे अर्धे उघडले.

"बोंबलून काऊन राह्यले?" त्या म्हणाल्या. आवाज पार तळातून आला, पण शब्द त्यांचेच होते. "मेली नाई मी. पेज जळाली असन ना?"

पेज! कुणाला आठवण होती तिची! मी दार-खिडकी सताड उघडून, श्वास कोंडून आत गेले आणि पदराने धरून गंज बाहेर आणला. झाकण काढलं.

जळाली नव्हती. कुणी कोळसा टाकला नव्हता, कुणी पाणी मारलं नव्हतं, कुणी चिमटा घातला नव्हता. आमच्या दोघांच्या तावडीतून सुटून ती पेज आपली आपण शिजली होती. दाणा संपून गेला होता.

काकाजींना वाटी धरवेना. मीच चमचा लावला. काकूंनी पहिला घोट तोंडात ठेवला, गिळला. आम्ही सगळी बाया-माणसं त्यांच्या घशाकडे बघत होतो. पोटात राहिला. दुसरा. तिसरा. वाटी संपली.

"मीठ नाई," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "दे अजून."

काकाजींचा तळवा वर गेला. काकूंच्या तोंडासमोर. आणि मग ते सगळ्या ओळीला ऐकू जाईल असे ओरडले, "मांगते! अबे आयका, अजून मांगते!" रडत होते का हसत होते, ते चेहऱ्यावरच्या काजळीमुळे कळत नव्हतं.

नेमकी त्याच वेळी, दुपारच्याऐवजी सकाळच्याच गाडीने आलेली वंदना फाटकात उभी होती. हातात पिशवी. समोर अंगणात मातीत बसलेली आई, लंगडा काळा बाप, ओळीतली सगळी माणसं आणि केसांत माती भरलेली शेजारीण. तिने सगळी हकिकत ऐकली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून माझ्या आईला मारलंच होतं."

"मारलं होतं," काकू म्हणाल्या, "पण खाऊबी घातलं. मी नाई येत वर्ध्याले."

वंदना चार दिवस राहिली, भांडली, रडली, मला दोनदा झापून एकटीच परत गेली.

सिगडी त्यानंतर कायमची अंगणात आली. बोरीखाली वर एक पत्रा ठोकला, सिगडीचं तोंड भिंतीकडे, शेजारी वीट. सकाळ-संध्याकाळ काकाजी पेज टाकायचे आणि दोन्ही तळवे मांडीखाली घालून बसायचे. आमच्या खिडकीतून दिसायचं. हात सुटायला बघायचा, ते परत दाबून बसायचे. मी खिडकीतून ओरडायचे, "काय म्हणते, काकाजी?"

"मांगते अजून," ते म्हणायचे. "पण नाई देत मी."

काकू हळूहळू हिंडू-फिरू लागल्या. बांगडी मनगटावर आली. पण सिगडी त्यांनी परत मागितली नाही, आणि काकाजींनी दिली नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकाजी गेले. आजारी-बिजारी नाही. सकाळी सिगडी पेटवली, धूर जायची वाट बघत भिंतीला टेकून हातांवर बसले, आणि तसेच राहिले. काकूंनी आतून चहासाठी तीन हाका मारल्या, मग शिव्या दिल्या, मग बाहेर आल्या. आम्ही उचललं तेव्हा हात मांड्यांखालीच होते.

गेलेल्याच्या घरी त्या दिवशी विस्तव ठेवत नाहीत. शेजारी रांधून नेतात. म्हणून कुणीतरी ती जळती सिगडी उचलून आमच्या दारापुढे आणून ठेवली. पुरुष माणसं काकाजींना घेऊन घाटावर गेली. वंदना वर्ध्याहून निघाली होती, पोचायची होती.

मला काकूंसाठी पेज करायची होती. पण माणसं परत येईपर्यंत कुणी खाणार नव्हतं, आणि सिगडीतला कोळसा तर सकाळचा. तो विझत आला. दुसरी पेटवता आली असती, रॉकेल होतं, गोवऱ्या होत्या. पण ही त्यांच्या हातची आग होती. मी एक खडा टाकला. तळवा धरून बघितलं. आणखी एक टाकला. पावसाची भुरभुर होती, आमच्या दारावरच्या पत्र्याखाली बसून दिवसभर मी ती जागवत ठेवली, जरा बसली की टाक, जरा बसली की टाक. वीट बोरीखालीच राहिली होती. आणायला गेले नाही.

माणसं परत आली, अंघोळी झाल्या. मी गंज चढवला. आणि सिगडी अशी भडकली होती की बघता बघता पेज खालून लागली. करपलेला वास ओळभर झाला. कुणापुढेही ठेवायला लाज वाटावी अशी ती पेज, वरची वरची काढून मी वाटीत घेतली आणि काकूंपुढे जाऊन बसले.

करपल्याचा वास आला की तोंड फिरवणारी बाई ती. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली. एक घोट घेतला. दुसरा घेतला. वाटी संपवली.

"लागली हाय," त्या म्हणाल्या.

"हो काकू. थांबा, मी दुसरी करून आणते."

"काऊन?" त्या म्हणाल्या, आणि रिकामी वाटी परत पुढे केली.